स्वतंत्र कलाकारांसाठी हक्क आणि सामाजिक सुरक्षा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

प्रयोग होतो, मानधनही हातात पडतं; पण त्या कामाची कुठेच नोंद नसेल तर पुढे आजारपण, बाळंतपण, अपघात किंवा म्हातारपण आल्यावर ते काम तुम्ही केलंच नाही असं धरलं जातं. मी रंगमंचासाठी प्रकाशयोजना करते. नोकरी कधी केली नाही. आजवर विम्याचे अर्ज, करारांची भांडणं, थकलेले पैसे, परदेश दौऱ्यातली करकपात हे सगळं निस्तरून झालं आहे. कलाशिक्षणात यातलं फारसं कोणी शिकवत नाही, आणि अनुभवी मंडळी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. म्हणून एकेक पायरी लिहून काढते.

नट, गायक, वादक, नर्तक, चित्रकार, लेखक, अनुवादक, संकलक, आणि पडद्यामागे ध्वनी-नेपथ्य-वेशभूषा सांभाळणारे या सगळ्यांसाठी हे आहे. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे जिथे देशाचं नाव घेतलं आहे तिथे तो दाखला समजा आणि तुमच्याकडे त्याच्या जागी काय आहे ते शोधा.

१. कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण, हे आधी समजून घ्या

बहुतेक सगळा घोळ इथे सुरू होतो. कर्मचारी असाल तर विमा-निवृत्तिवेतनाचा हिस्सा मालक भरतो, स्वतंत्र व्यावसायिक असाल तर सगळं तुमच्या अंगावर. म्हणून करारात ‘स्वतंत्र कलाकार’ असं लिहून घेण्याची घाई अनेकदा तुमच्यापेक्षा समोरच्याला जास्त असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची २००६ सालची १९८ क्रमांकाची शिफारस याबाबत स्पष्ट आहे: कागदावर काय नाव दिलंय यापेक्षा प्रत्यक्षात काम कसं चालतं ते पाहायचं. त्या धर्तीवर स्वतःला विचारा:

- वेळ आणि जागा कोण ठरवतं?
- काम तुम्ही जातीनेच करायला हवं, की बदली माणूस चालतो?
- साधनं, वाद्यं, यंत्रणा कोणाची?
- पैसे ठरावीक काळाने येतात का? आणि तुमची मुख्य कमाई याच एका ठिकाणाहून आहे का?

बहुतेक उत्तरं नोकरीकडे झुकत असतील तर ‘स्वतंत्र’ हे लेबल तपासून घ्या. फ्रान्समध्ये रंगमंच-पडद्यावरच्या कलाकाराबाबत कायदाच गृहीत धरतो की तो कर्मचारी आहे. नाही असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं.

आपल्यातल्या पुष्कळांची अवस्था मिश्र असते. आठवड्यातले दोन दिवस शिकवणं, उरलेल्या वेळात प्रयोग, मध्येच एखादं ध्वनिमुद्रण. शिकवण्याच्या नोकरीतून आरोग्य विमा मिळत असेल तर तो प्रयोगाच्या वेळी झालेल्या अपघातालाही लागू आहे का, हे लेखी विचारा. पुष्कळदा तो नसतो.

२. कामाची नोंदवही आजपासून सुरू करा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. कलाकारांसाठी जिथे जिथे चांगल्या योजना आहेत तिथे पहिला प्रश्न एकच असतो: ‘तुम्ही कलाकार म्हणून काम करता, याचा पुरावा?’ फ्रान्समध्ये रंगमंच आणि चित्रपट क्षेत्रातल्या लोकांना बेरोजगारी भत्ता मिळतो, पण त्यासाठी १२ महिन्यांत ५०७ तास काम दाखवावं लागतं. कलाकाराला प्रयोगामागे ठोक मानधन मिळालं असेल तर तो प्रयोग १२ तासांचा धरतात. जर्मनीत कलाकारांच्या आरोग्य विम्याची आणि निवृत्तिवेतनाची सोय करणाऱ्या सामाजिक निधीत जायला कलेतून वर्षाला साधारण ३,९०० युरोंहून जास्त कमाई दाखवावी लागते, नवोदितांना पहिली तीन वर्षं सूट असते. दक्षिण कोरियात कलाकार कल्याणाच्या योजनांसाठी आधी ‘कलाकार म्हणून सक्रिय आहे’ असा दाखला काढावा लागतो.

माझ्या वहीतली एक नोंद अशी असते:

*तारीख. संस्थेचं नाव. काम: नृत्यनाट्य, प्रकाशयोजना. जागा पाहणी २ तास, आराखडा ६ तास, दिवे लावणं ९ तास, रंगीत तालीम ५ तास, प्रयोग ३ तास. ठरलेलं मानधन, मिळालेलं मानधन, कपात झालेला कर. करार: आहे. बिल क्रमांक. कार्यक्रमपत्रिकेत नाव: आहे, फोटो काढला.*

बेरीज करा: २५ तास. आयोजकाच्या डोळ्यांसमोर त्यातले प्रयोगाचे ३ तासच असतात. तालीम, आराखडा, पाठांतर, संशोधन, प्रवास हे सगळं कामच आहे, पण तुम्ही लिहिलं नाही तर कोणीही मोजणार नाही. शेवटची ‘कार्यक्रमपत्रिकेत नाव’ ही नोंदही क्षुल्लक वाटून सोडू नका. करार हरवला तरी छापील पत्रिका, भित्तिपत्रक, श्रेयनामावलीचा फोटो हा पुरावा उरतो.

एका फाइलमध्ये, आणि तिची प्रत ऑनलाइन, हे जमवून ठेवा:

- ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कर क्रमांक
- सगळे करार. करार नसेल तर ज्यात काम आणि रक्कम ठरली ते ईमेल किंवा मेसेज
- दिलेली बिलं आणि आलेल्या पैशांच्या बँक नोंदी
- करकपातीची प्रमाणपत्रं, दरवर्षीची विवरणपत्रं
- कार्यक्रमपत्रिका, बातम्या, परीक्षणं, प्रदर्शनाची पत्रकं
- संघटनेचं सदस्यत्व, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं
- वाद्यं आणि उपकरणांच्या खरेदीच्या पावत्या, अनुक्रमांकासह

कलेच्या कमाईसाठी बँकेत वेगळं खातं उघडा. रोख पैसे घ्यावे लागले तर त्याच दिवशी सहीची पावती द्या, पैसे खात्यात भरा आणि नोंद करा. रोखीत मिळून विरून गेलेली कमाई कर्ज, व्हिसा किंवा विमा मागताना तुमची कमाई राहत नाही.

३. दर ठरवताना पूर्ण वर्ष डोळ्यांसमोर ठेवा

नवखी मंडळी दर ठरवताना नोकरदार मित्राचा पगार घेतात आणि त्याला ३० ने भागतात. हिशोब असा करून पाहा. वर्षाचे ३६५ दिवस. साप्ताहिक सुट्ट्या १०४, सण आणि रजा मिळून २५, आजारपणाचे १० असे वजा केले की २२६ उरतात. त्यातला निम्मा वेळ रियाज, काम शोधणं, बैठका, अर्ज, बिलांचा पाठपुरावा यात जातो. ज्याचे पैसे लावता येतात असे दिवस राहतात सुमारे ११३.

म्हणजे वर्षाच्या गरजेला ११३ ने भागायचं. त्या गरजेत घरखर्चाबरोबर विम्याचे हप्ते, निवृत्तीची बचत, कर, उपकरणांची झीज आणि रिकाम्या महिन्यांची शिल्लक धरायची. येणारा आकडा बघून धसका बसतो. पण तो आकडा माहीत असणं आणि एखाद्या प्रिय कामासाठी समजून-उमजून तो खाली आणणं वेगळं. न मोजता कमी घेत राहिलात तर तुमच्यासारख्याच दुसऱ्या कलाकाराचा दरही तुम्ही खाली ओढता.

‘पैसे नाहीत, पण प्रसिद्धी मिळेल’ असं कोणी म्हणालं तर एकच विचारा: सभागृहाचं भाडं, छपाई, ध्वनियंत्रणा यांचे पैसे देताय का? तिथे दिले जात असतील तर तुमचेही द्यायला हवेत.

४. काम सुरू होण्याआधी करार

तोंडी करारही अनेक ठिकाणी कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करताना दमछाक होते. छापील करार कोणी देत नसेल तर आपण ईमेल लिहायचा: ‘आजच्या बोलण्यात ठरलं ते असं…’ आणि शेवटी ‘काही बदल असल्यास उद्यापर्यंत कळवा’. हा ईमेल मी ओळखीच्या दिग्दर्शकांनाही पाठवते. संबंध बिघडत नाहीत. उलट त्यांच्याही डोक्यातला गोंधळ कमी होतो.

करारात काय हवं? कामाचं वर्णन आणि त्याची हद्द, तालमींची संख्या, तारखा, मानधन, ते कोणत्या टप्प्यावर मिळणार, प्रवास-निवास-जेवण, श्रेयनामावलीत नाव कसं जाणार, अपघात झाल्यास विमा कोणाचा, आणि वाद झाला तर तो कुठे सोडवायचा. यातल्या चार कलमांवर जास्त वेळ घालवा.

*पैसे देण्याचं कलम.* ‘निधी उपलब्ध झाल्यावर मानधन देण्यात येईल’ असं वाक्य दिसलं तर थांबा. निधी कधी उपलब्ध होतो हे तुमच्या हातात नाही. त्याऐवजी असं सुचवा: ‘एकतृतीयांश रक्कम सही करताना, एकतृतीयांश पहिल्या तालमीच्या दिवशी, उरलेली पहिल्या प्रयोगापासून १५ दिवसांत.’ आगाऊ रक्कम द्यायला पूर्ण नकार असेल तर त्या संस्थेबरोबर आधी काम केलेल्या कोणाला तरी फोन करा.

*रद्द झाल्यास काय.* कोविडच्या साथीत नाट्यगृहं बंद झाली तेव्हा ज्यांच्या करारात हे कलम नव्हतं त्यांच्यातल्या अनेकांना तालमींचेही पैसे मिळाले नाहीत. कार्यक्रम जितका उशिरा रद्द होईल तितकी भरपाई जास्त, अशी पायऱ्यांची रचना लिहून घ्या: महिनाभर आधी रद्द झाला तर इतके टक्के, आठवडाभर आधी इतके, आदल्या दिवशी पूर्ण. आणि आपत्तीमुळे रद्द झाला तरी तोवर झालेल्या कामाचे पैसे मिळतील, हे वेगळं वाक्य घाला. एका महोत्सवाने ऐन आठवड्यावर आलेला माझा कार्यक्रम रद्द केला, तेव्हा आराखड्याचे पैसे मला केवळ त्या एका वाक्यामुळे मिळाले.

*बदलांची मर्यादा.* चित्रकार, संकलक, लेखक यांना हे फार भोवतं. दोन फेऱ्या मानधनात, तिसरीपासून वेगळा दर.

*आवाज आणि चेहऱ्याची डिजिटल प्रत.* हे कलम आता जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आणि चित्रीकरणाच्या करारात कुठेतरी दडलेलं असतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपट-दूरचित्रवाणी कलाकारांनी ११८ दिवस संप केला, त्यात हाही एक मोठा मुद्दा होता. शेवटी डिजिटल प्रतीसाठी संमती आणि मोबदला ही तत्त्वं करारात आली. तुमच्या करारात ‘तंत्रज्ञानाने निर्माण केलेली प्रतिकृती’ किंवा ‘यंत्र-प्रशिक्षण’ (म्हणजे तुमच्या आवाज-चेहऱ्यावरून संगणकाला शिकवणं) असे शब्द असतील तर ते वगळायला सांगा, नाहीतर प्रत्येक वापरासाठी वेगळी संमती आणि वेगळे पैसे लिहून घ्या.

५. हक्क विकताय की वापरायला देताय?

मूळ निर्मितीवर लेखक-कलाकाराचा हक्क आपोआप तयार होतो. १८८६ च्या बर्न कराराला बांधील देशांत त्यासाठी नोंदणीची अट नसते. मात्र नोकरीत किंवा मागणीवरून केलेल्या कामाचा पहिला मालक काही कायद्यांत काम देणारा ठरतो, म्हणून पहिल्या पायरीतला प्रश्न इथेही महत्त्वाचा. सादरकर्त्यांचे हक्क वेगळे असतात: १९६१ चा रोम करार त्यांच्यासाठी आहे, आणि दृक्‌श्राव्य सादरीकरणांसाठी २०१२ चा बीजिंग करार २०२० मध्ये अमलात आला.

‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ हे तीन शब्दप्रयोग एका ओळीत दिसले की पेन खाली ठेवा. कोणतं माध्यम, कोणता प्रदेश, किती वर्षं, ही तिन्ही उत्तरं वेगवेगळी मागा. काही कायदे कलाकाराच्या मदतीला येतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हस्तांतरण लेखीच हवं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी’ असं स्पष्ट लिहून तुम्ही सही केलीत, तर या तरतुदीचा उपयोग उरत नाही.

रॉयल्टी वसूल करून वाटणाऱ्या संस्थांचं सदस्यत्व लवकर घ्या, आणि प्रत्येक नवी रचना तिथे नोंदवा. नुसतं सदस्य होऊन रचना न नोंदवणाऱ्यांचे पैसे अडकून पडतात.

६. सुरक्षेची नऊ घरं तपासा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ सालच्या १०२ क्रमांकाच्या कराराने सामाजिक सुरक्षेचे नऊ भाग मांडले: वैद्यकीय उपचार, आजारपणातला भत्ता, बेरोजगारी, वृद्धत्व, कामावरची इजा, कुटुंबभत्ता, प्रसूती, अपंगत्व आणि मागे राहिलेल्या कुटुंबाला आधार. एका कागदावर नऊ ओळी लिहा आणि प्रत्येकीपुढे भरा: हे मला कोण देतं? सरकारी योजना, नोकरी, खासगी विमा, कलाकार कल्याण निधी, की कोणीच नाही?

रिकाम्या ओळी पाहून घाबरू नका, क्रम लावा. माझ्या मते पहिला आरोग्य विमा, दुसरा अपघात आणि अपंगत्व, तिसरी निवृत्ती. अपंगत्वाला मी इतकं वर ठेवते कारण वादकाचं बोट, नर्तकाचा गुडघा, गायकाचा गळा हेच त्याचं भांडवल. सर्वसाधारण पॉलिसी ‘पूर्ण अपंगत्व’ म्हणजे दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गमावणं असं धरतात. एका बोटाची हालचाल गेलेला सतारवादक त्यांच्या लेखी धडधाकट असतो. म्हणून ‘स्वतःचा व्यवसाय करता न येणं’ अशी व्याख्या असलेली पॉलिसी मागा.

योजनेत नाव घालायला उशीर करू नका. जर्मनीतला निधी १९८३ पासून चालतो: हप्त्याचा निम्मा भाग कलाकार भरतो, उरलेला कलेचा वापर करणाऱ्या संस्थांवरचा अधिभार आणि सरकारी अनुदान यांतून येतो. इतकी चांगली सोय, पण संरक्षण सुरू होतं ते तुम्ही कळवल्याच्या दिवसापासून. मागची वर्षं भरून मिळत नाहीत. आणि त्यातही फक्त आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन येतं, बेरोजगारी आणि अपघात बाहेरच. कोणतीही योजना घेतली तरी नऊ ओळींचा कागद पुन्हा पाहायला हवा, तो यासाठी.

जिथे काहीच सोय नाही तिथल्या लोकांना मला सांगायचं आहे की या योजना कोणी आपणहून दिलेल्या नाहीत. युनेस्कोच्या १९८० च्या शिफारशीने नोकरीत असो वा नसो, कलाकाराला कलाकार मानलं आणि त्याला सामाजिक सुरक्षा द्यायला सरकारांना सांगितलं. तरी कोरियात कायदा व्हायला २०११ मध्ये एका तरुण पटकथालेखिकेचा हलाखीत मृत्यू व्हावा लागला, आणि करारावरच्या कलाकारांना रोजगार विमा मिळायला २०२० चा डिसेंबर उजाडला. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो मूलभूत उत्पन्न देण्याचा प्रयोग सुरू केला, तोही साथीत सगळं ठप्प झाल्यावर.

७. शरीर आणि जागा

तालमीच्या जागेत शिरताच बाहेर पडायची वाट, प्रथमोपचार पेटी, विजेची जोडणी आणि शिडी पाहून घ्या. उंचावर काम असेल तर अंगभर बांधायचा सुरक्षा पट्टा आणि खाली एक माणूस हवाच. नसेल तर मी दिवा चढवत नाही, प्रयोग उशिरा सुरू झाला तरी.

आवाजाचंही तसंच. ८५ डेसिबल ही आठ तासांसाठीची सावधगिरीची पातळी मानतात, आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. ढोलताशे, ब्रास, मोठे स्पीकर यांच्याजवळ ही पातळी सहज ओलांडली जाते. युरोपात हे नियम २००८ पासून संगीत आणि मनोरंजन क्षेत्रालाही लागू झाले. वादकांसाठी बनवलेले, सूर न बदलणारे कानबोळे मिळतात, ते वापरा.

इजा झाली तर त्याच दिवशी जबाबदार माणसाला लेखी कळवा, डॉक्टरांच्या कागदावर ‘तालमीत’ किंवा ‘प्रयोगादरम्यान’ हे शब्द लिहून घ्या. लैंगिक छळाची तक्रार कोणाकडे करायची, हे पहिल्याच तालमीत सर्वांसमोर विचारा. हा प्रश्न विचारणारा माणूस असेल तर इतरांना बोलायला सोपं जातं.

८. पैसे थकले तर

बिलावर देय तारीख लिहा. ती उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी सौम्य आठवण, पंधरवड्याने करार जोडून लेखी मागणी, त्यानंतर कायदेशीर नोटीस. फोनवर काय बोलणं झालं ते लगेच मेसेजने पाठवून ठेवा.

कायदा माहीत असेल तर पत्राला वजन येतं. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्यावरच्या स्वतंत्र कामाला लेखी करार बंधनकारक आहे, आणि तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. भारतात सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेल्या सेवा देणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. ही नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा.

९. परदेशात कार्यक्रम असेल तर

देशादेशांतल्या बहुतेक करविषयक करारांत कलाकार आणि खेळाडूंसाठी स्वतंत्र कलम असतं: एका संध्याकाळचा कार्यक्रम असला तरी तो जिथे झाला तो देश कर लावू शकतो. त्यामुळे मानधन ठरवतानाच ‘कर वजा जाता किती’ हे विचारा, कर निवासी असल्याचं, म्हणजे तुम्ही कोणत्या देशाचे करदाते हे दाखवणारं प्रमाणपत्र सोबत न्या आणि कपातीची पावती घेतल्याशिवाय परतू नका. ती नसेल तर घरी त्याच रकमेवर पुन्हा कर भरावा लागू शकतो. प्रवास विमा घेताना ‘व्यावसायिक सादरीकरण’ वगळलेलं नाही ना, हे वाचा. पर्यटकांच्या पॉलिसीत ते अनेकदा वगळलेलं असतं.

१०. संघटनेत जा

नमुना करार, किमान दरांचा तक्ता, वकिलाचा स्वस्त सल्ला, गट विमा हे एकट्याने मिळवणं महाग पडतं. शिवाय स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन दर ठरवणं काही देशांत स्पर्धाविरोधी मानलं जाई. कॅनडाने १९९२ च्या कायद्याने केंद्राच्या अखत्यारीतल्या निर्मात्यांशी कलाकार संघटनांना सामूहिक वाटाघाटीचा मार्ग दिला, आणि युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये एकट्याने काम करणाऱ्यांच्या सामूहिक करारांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुमच्या देशात काय स्थिती आहे ते संघटनेलाच विचारा.

सदस्य होण्याआधी तीन गोष्टी पाहा: गेल्या वर्षी किती तक्रारी सोडवल्या, हिशोब प्रसिद्ध करतात का, आणि पडद्यामागच्या लोकांना मतदानाचा हक्क आहे का. तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर वर्गणी भरा आणि पुढच्या सभेला तुमची नोंदवही घेऊन जा. किमान दरांची चर्चा निघेल तेव्हा तुमच्याकडे खऱ्या तासांचे आकडे असतील.